पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर : गवयाने चांगलं वागलंच पाहिजे असा हट्ट धरणारा माणूस



परिपाठात दिनविशेष सांगताना ऑगस्ट महिन्यात एकच नाव चार दिवसांत दोनदा येतं. १८ ऑगस्टला जयंती आणि २१ ऑगस्टला पुण्यतिथी. पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर. आपण फळ्यावर नाव लिहितो, थोर गायक होते असं एक वाक्य सांगतो आणि सुविचाराकडे वळतो. खरं तर आपल्या भागातल्या कितीतरी मुलांच्या आयुष्यात हा माणूस रोज आहे. निगडी, चिंचवड, भोसरी, आता तर चाकणलाही गाण्याचे, तबल्याचे, पेटीचे क्लास आहेत. आई-वडील कंपनीतून शिफ्ट करून आले की पोराला गाडीवर बसवून क्लासला सोडतात. वर्षातून दोनदा परीक्षा असते. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, पुढे विशारद. सगळे तिला गांधर्वची परीक्षा म्हणतात. हे नाव बालगंधर्वांवरून पडलं असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. ते पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयावरून आलेलं आहे.

हा लेख इयत्ता सातवी-आठवीसाठी आहे. 'माझा आवडता गायक' हा निबंध दिला की मुलं आजकाल मोबाईलवर ऐकलेल्या गायकांवर लिहितात, आणि त्यात काही वावगं नाही. पण माझ्या वर्गात एका मुलाने विचारलं की गायक दारू पितो, मारामारी करतो, तरी त्याचं गाणं आवडलं तर तो आपला आदर्श म्हणायचा का? वर्गात दोन तट पडले. काही म्हणाले, गाण्याशी मतलब. काही म्हणाले, लाखो पोरं त्याच्यासारखे केस कापतात, मग त्याने नीट वागायला नको का? या प्रश्नाचं उत्तर ज्याने स्वतःच्या आयुष्याने द्यायचा प्रयत्न केला, असा आपल्याकडचा मोठा गवई म्हणजे पलुस्कर. त्यांचं उत्तर सगळ्यांना पटेल असं नाही. मलाही ते पूर्ण पटत नाही. म्हणूनच ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

जन्म आणि डोळ्यांचा अपघात

विष्णूचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड इथे झाला. कुरुंदवाड म्हणजे आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातलं शिरोळ तालुक्यातलं गाव, त्या काळी एक छोटं संस्थान. शेजारीच कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर नृसिंहवाडी आहे, जिला आपण नरसोबाची वाडी म्हणतो. घराण्याचं मूळ आडनाव गाडगीळ, पण पलूस गावावरून पलुस्कर झाले. वडील दिगंबरपंत कीर्तनकार होते. हा मुद्दा मुलांनो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लहानपणी दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकाम चालू असताना एक फटाका विष्णूच्या तोंडाजवळ फुटला. डोळ्यांना इजा झाली. वेळेवर उपचार मिळाले नाहीत आणि दृष्टी जवळजवळ गेली. शाळा सुटली. पुढे उपचारासाठी मिरजेला नेलं. तिथे डॉ. भडभडे यांनी डोळे तपासले आणि त्यांच्या ध्यानात आलं की पोराचा गळा चांगला आहे. वाचन-लेखनाचा मार्ग बंद झालेल्या मुलाला गाणं शिकवा असा सल्ला त्यांनी दिला. मिरजेच्या संस्थानिकांनी आश्रय दिला आणि विष्णू पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे शिकू लागला.

बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारे गुरू. स्वतः पायपीट करून, गुरूंच्या घरी पडेल ते काम करून ते शिकलेले. शिकवण्याची पद्धत जुनी आणि कडक. एकच पलटा शेकडो वेळा घोटायचा. वही नाही, पुस्तक नाही, सगळं ऐकून. नजर अधू असलेल्या मुलाला हे एका परीने सोयीचंच पडलं असेल.

एका निमंत्रणाची गोष्ट

मिरजेतला एक प्रसंग पलुस्करांच्या चरित्रात नेहमी सांगितला जातो. गावात एक मोठा समारंभ होता. विष्णूवर राजेसाहेबांची मर्जी, म्हणून त्याला निमंत्रण आलं. त्याच्या गुरूंना मात्र आलं नाही. विष्णूने चौकशी केली तेव्हा त्याला कळलं की बुवा कितीही मोठे असले तरी शेवटी गवई, आणि गवयाला प्रतिष्ठितांच्या पंगतीत बोलावायचं नसतं.

आज हे वाचून विचित्र वाटतं. पण तेव्हाचं चित्र असंच होतं. गाणं राजेरजवाड्यांच्या दरबारात आणि नाचगाण्याच्या कोठ्यांवर. गवई म्हणजे व्यसनी, लहरी, शिक्षण नसलेला, कर्जात बुडालेला असा सर्वसाधारण समज. घरातला मुलगा गाणं शिकतो म्हटलं की बाप काळजीत पडायचा, आणि मुलगी शिकते म्हटलं तर लग्न जमायचं नाही. लोक गाणं मन लावून ऐकायचे आणि गाणाऱ्याला ओटीवर बसवायचे, आत घ्यायचे नाहीत.

हा समज सगळाच खोटा होता असंही नाही. त्याच कुरुंदवाडशी संबंधित आणखी एक मोठं नाव आहे, रहिमत खाँ. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँसाहेबांचे हे चिरंजीव. म्हणजे ज्या परंपरेतून बाळकृष्णबुवांचं गाणं आलं, तिथलाच अस्सल वारस. लोक त्यांना भूगंधर्व म्हणायचे. पण अफूचं व्यसन जबरदस्त होतं. हलाखीत भटकत असताना विष्णुपंत छत्रे यांनी त्यांना सांभाळलं. छत्रे म्हणजे भारतातल्या सर्कशीचे जनक, आणि ते स्वतः हद्दू खाँकडे गाणं शिकलेले होते. गुरूच्या मुलाला त्यांनी आपल्या सर्कशीबरोबर गावोगाव नेलं, जपलं, गायला बसवलं. वाघ-घोड्यांच्या तंबूबरोबर फिरणारा हा गवई गायला लागला की मोठमोठे जाणकार डोळे पुसायचे असं वर्णन जुन्या लोकांनी करून ठेवलंय. १९२२ मध्ये कुरुंदवाडलाच ते वारले.

आता हा माणूस आदर्श म्हणायचा का? व्यवहारात नाही. गाण्यात होय. पलुस्करांना मात्र ही विभागणी मान्य नव्हती.

दरबार सोडून तिकिटाकडे

१८९६ साली, चोविसाव्या वर्षी, विष्णू दिगंबर मिरजेतून बाहेर पडले. संस्थानचा आश्रय सोडला आणि सोबतीला काही मंडळी घेऊन प्रवासाला निघाले. बडोदा, मग सौराष्ट्र. सौराष्ट्रात त्यांनी एक वेगळीच गोष्ट केली. लोकांसाठी जाहीर मैफल ठेवली आणि थोडक्या पैशाचं तिकीट लावलं. तोवर गाणं म्हणजे कुणा एका धनिकाने आपल्या मित्रांसाठी ठेवलेली बैठक. तिकिटामुळे झालं काय, की दुकानदार, कारकून, मास्तर असा कुणीही येऊन बसू शकला. आणि गवयाला एका मालकाची मर्जी सांभाळायची गरज उरली नाही. राजाने दिलेली बिदागी आणि हजार लोकांनी दिलेले चार-चार आणे, यात पैशापेक्षा मोठा फरक आहे तो मानाचा.

पुढे मथुरेला राहून ते ब्रजभाषा शिकले, ध्रुपदाचा अभ्यास केला. बंदिशींचे शब्द त्या भाषेत असतात आणि अर्थ न कळता गाणं त्यांना पसंत नव्हतं. मग ग्वाल्हेर, दिल्ली, पंजाब असं करत ते लाहोरला पोहोचले.

मैफलीची त्यांची शिस्त त्या काळात नवी होती. ठरल्या वेळी सुरू करायचं. श्रोत्यांनी नीट बसायचं, विड्या ओढत लोळायचं नाही. गायकाचे कपडे स्वच्छ. दारू-तंबाखू वर्ज्य. शृंगारिक शब्दांच्या बंदिशी असतील तर ते शब्द काढून तिथे भक्तीचे शब्द घालायचे. सूर तोच, राग तोच, आशय बदलला.

लाहोरची शाळा

५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू झालं. त्याआधी संगीतशाळा नव्हत्या असं नाही. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला होता, बडोद्यात सयाजीराव महाराजांनी मौलाबक्ष यांच्याकरवी शाळा काढली होती. पण राजाच्या खजिन्यावर नाही तर लोकांच्या देणग्यांवर आणि मैफलींच्या तिकिटांवर चालणारी, ठरावीक अभ्यासक्रम असलेली, कुणालाही प्रवेश देणारी मोठी संगीतशाळा म्हटली की पलुस्करांचंच नाव पुढे येतं.

लाहोरात गाण्याचा संबंध लोक हिरा मंडीशी जोडायचे. सभ्य घरातली मुलं कशाला येतील? सुरुवातीला कुणी येईनाच. पण शाळेची वेळ झाली की पलुस्कर तंबोरा घेऊन रिकाम्या खोलीत बसायचे आणि वेळ संपेपर्यंत उठायचे नाहीत, असं सांगतात. पट कमी झाला म्हणून शाळा बंद होण्याची भीती ज्यांनी अनुभवली आहे अशा आपल्या शिक्षक मित्रांना ही खोली डोळ्यांसमोर आणायला अवघड जाऊ नये. हळूहळू मुलं आली. मुलीही आल्या.

काही निवडक मुलांना त्यांनी तिथेच ठेवून घेतलं. राहणं, जेवण, कपडे आणि शिक्षण फुकट, पण अमुक इतकी वर्षं शिक्षण पुरं केल्याशिवाय जायचं नाही असा लेखी करार. पहाटे उठणं, प्रार्थना, रियाज, मग बाकीची कामं. या मुलांना पुढे संगीतशिक्षक म्हणून देशभर पाठवायचं होतं, म्हणून त्या वर्गाला उपदेशक वर्ग म्हणायचे. आपल्या भाषेत सांगायचं तर ते गाण्याचं अध्यापक विद्यालयच होतं! गाणाऱ्यांना शिकवायचं कसं हेही शिकवलं पाहिजे हा विचार मला तरी त्यांच्या गायकीइतकाच मोठा वाटतो.

शाळेला जोडून वाद्यं दुरुस्त करायचा कारखाना होता आणि स्वतःचा छापखानाही. पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली आणि 'संगीत बालप्रकाश'सारखी पाठ्यपुस्तकं काढली. 'संगीतामृत प्रवाह' नावाचं मासिक चालवलं. डोळ्यांमुळे ज्याची शाळा सुटली त्याने देशाला गाण्याची क्रमिक पुस्तकं दिली. प्रत्येक मूल मोठं गवई होणार नाही हे त्यांना माहीत होतं. पण तानसेन नाही तर कानसेन तरी तयार होतील असा त्यांचा हिशोब होता.

१९०८ साली मुंबईत शाखा निघाली आणि पुढे तेच मुख्य केंद्र झालं.

वागणुकीचा हट्ट आला कुठून?

काही अभ्यासक म्हणतात की हे सगळं इंग्रजी राज्यातल्या शिकलेल्या मध्यमवर्गाचं सभ्यतेचं वेड होतं. त्यात तथ्य आहे. घड्याळ, तिकीट, अभ्यासक्रम, परीक्षा, प्रमाणपत्र हे सगळं त्या काळच्या इंग्रजी शाळेतूनच आलेलं आहे. पण मला वाटतं मूळ आणखी जवळ शोधावं. ते कीर्तनकाराचे पुत्र होते.

आपण देहू आणि आळंदीच्या मध्ये राहणारी माणसं. आपल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. गळ्यात माळ घातली की मांस-मद्य सुटलं. ज्याच्या गळ्यात वीणा त्याच्या पाया पडायचं. कीर्तनकार रात्री पिऊन दिसला तर दुसऱ्या गावाला त्याला सप्ताहाचं बोलावणं जात नाही, मग त्याचा आवाज कितीही गोड असो. ऑर्केस्ट्राच्या गायकाला किंवा बँजो पार्टीला हा नियम आपण लावत नाही. तमाशातल्या शाहिराला तर कधीच लावला नाही. पठ्ठे बापूरावांनी आपली जात आणि घर सोडून तमाशाचा फड धरला, लोकांनी नावं ठेवली आणि तरी त्यांच्या लावण्या पिढ्यान्पिढ्या गायल्या. म्हणजे एकाच गावात गाणाऱ्यासाठी दोन मापं आहेत. जो देवाचं नाव घेऊन लोकांना उपदेश करतो त्याने तसं वागलं पाहिजे. जो करमणूक करतो त्याला आपण मोकळं सोडतो, पण मानही कमीच देतो.

पलुस्करांनी काय केलं, तर कीर्तनकाराचं माप ख्याल गाणाऱ्याला लावलं. गवयाला कीर्तनकाराचा मान हवा असेल तर त्याने कीर्तनकाराचे नियम पाळावेत. साधारण त्याच काळात आळंदीत विष्णुबुवा जोगांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढून कीर्तनकारांना शिस्तीने शिकवायला सुरुवात केली. दोघांचा एकमेकांशी संबंध होता असं मी म्हणत नाही, पण दोघांची काळजी सारखीच दिसते. जो सगळ्यांसमोर उभा राहून गातो, बोलतो, त्याला आधी तयार करा.

या हट्टाची किंमत

इथे थांबून दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपण मुलांना नुसती स्तुती पाठ करायला लावू.

गाणं सभ्य घरात आलं हे खरं. पण ज्यांनी ते शेकडो वर्षं जपलं त्यांचं काय झालं? ज्या उस्तादांच्या घरांतून ग्वाल्हेरची गायकी आली त्या मुसलमान घराण्यांना या नव्या शाळांमध्ये फारशी जागा नव्हती. शाळेचं वातावरण प्रार्थना, भजन, हिंदू सण यांचं. आणि ज्या कलावंतिणींनी ठुमरी, दादरा, ख्याल गळ्यात सांभाळला त्यांना तर चारित्र्याच्या नावाखाली दूरच ठेवलं गेलं. त्यांच्याकडे येणाऱ्या पुरुषांना मात्र कुणी चारित्र्याचा दाखला मागितला नाही. हे मला खटकतं आणि वर्गात ते बोललं पाहिजे असं वाटतं. पुढे हिराबाई बडोदेकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांनी स्त्रियांसाठी मैफलीची जागा स्वतःच्या हिमतीवर मिळवली.

शाळेतून गाणं शिकवलं की ते चाकोरीत अडकतं, चार वर्षांत राग संपवायची घाई होते, असा आक्षेपही जुने गवई घ्यायचे. रहिमत खाँ कोणत्याही परीक्षेत बसले असते तर नापासच झाले असते, पण त्यांच्यासारखं गाणारा परीक्षा पास होऊन तयार झाला नाही. हा आक्षेप खोडून काढणं सोपं नाही.

शिवाय कडकपणाचा त्रास स्वतःच्या शिष्यांनाही झाला. नाटक मंडळ्यांचं वातावरण पलुस्करांना पसंत नव्हतं. पण पोटाचा प्रश्न होता, आणि विनायकराव पटवर्धनांसारखा लाडका शिष्य १९२२ मध्ये गंधर्व नाटक मंडळीत गेला. तिथे बालगंधर्वांबरोबर त्यांनी दहा वर्षं काढली.

१९२३ साली काकिनाडा काँग्रेसमध्ये एक प्रसंग घडला. अधिवेशनांत वंदे मातरम् गाण्याचा मान पलुस्करांना असे. त्या वर्षी अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली होते आणि त्यांनी धार्मिक कारणाने गाण्याला हरकत घेतली. पलुस्करांनी ती मानली नाही आणि गीत पूर्ण गायलं. कुणाला हा करारीपणा वाटतो, कुणाला समोरच्याच्या भावनेचा विचार न करणं वाटतं. आदर्श म्हणवणाऱ्या माणसाची प्रत्येक कृती अशी दोन्ही बाजूंनी तपासली जाते. साध्या गवयाला ही अडचण नसते.

शिष्य कसे निघाले

माणसाचा हट्ट बरोबर होता की नाही हे त्याच्या शिष्यांवरून थोडंफार कळतं. विनायकरावांनी नाटक सोडलं आणि १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढलं. आयुष्यभर साधी राहणी, वेळेची शिस्त आणि शेकडो विद्यार्थी. नारायणराव व्यास मोठे गायक झाले, त्यांच्या तबकड्या घरोघरी वाजल्या. बी. आर. देवधरांनी मुंबईत शाळा चालवली आणि कुमार गंधर्वांना शिकवलं. ओंकारनाथ ठाकूर बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे प्रमुख झाले. गंमत अशी की देवधर हे फार मोकळ्या मनाचे, सगळ्या घराण्यांच्या गवयांकडे, उस्तादांकडे जाऊन बसणारे, त्यांच्यावर प्रेमाने लिहिणारे. कडक गुरूच्या पोटी असाही शिष्य निघतो.

यांच्यात मला सगळ्यात जवळचे वाटतात ते नारायण मोरेश्वर खरे. गांधीजींना आश्रमासाठी गाणं शिकवणारा माणूस हवा होता, तेव्हा पलुस्करांनी खऱ्यांना साबरमतीला पाठवलं. आश्रमाच्या रोजच्या प्रार्थनेला त्यांनी सूर दिला आणि आश्रम भजनावली तयार केली. १९३० च्या दांडी यात्रेतही ते चालले. मैफलीचे मोठे गायक म्हणून त्यांचं नाव कुणी घेत नाही. पण रघुपती राघव राजाराम ही धून, जी पलुस्करांच्या चालीने ओळखली जाते, ती देशभर पोहोचली ती अशाच माणसांमुळे.

शेवटची वर्षं

मुंबईत पलुस्करांनी शाळेसाठी मोठी इमारत बांधली. पैसा कर्जाऊ घेतला होता. विचार असा की दौरे करायचे, मैफली करायच्या आणि कर्ज फेडायचं. काही काळ ते जमलंही. पण त्यांचं मन रामभक्तीकडे वळत गेलं. भगवी वस्त्रं आली. ख्याल मागे पडला, रामनाम आणि तुलसी रामायणाची प्रवचनं पुढे आली. मैफली कमी झाल्या तसं उत्पन्न आटलं आणि सावकार थांबले नाहीत. १९२० नंतर काही वर्षांतच इमारतीचा लिलाव झाला.

विचार करा मुलांनो. दारूत नाही, जुगारात नाही, शाळेच्या इमारतीत पैसे बुडाले. व्यसनी गवई कर्जबाजारी होतो म्हणून ज्यांनी आयुष्यभर सावध केलं, ते निर्व्यसनी राहूनही त्याच जागी आले. तिकडे बालगंधर्वही कर्जात होते, त्यांचं कारण वेगळं, अत्तरं आणि भरजरी शालूंपासून सगळं अस्सल हवं हा नाटकाचा ध्यास. लोकांनी दोघांनाही मनातून उतरवलं नाही, हेही नोंदवलं पाहिजे.

पलुस्कर नाशिकला पंचवटीत आपल्या रामनाम आधार आश्रमात राहू लागले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचं निधन झालं. वय एकोणसाठ. त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. आपल्याकडची मुलं ज्या परीक्षा देतात त्या याच मंडळाच्या.

मागे दहा वर्षांचा मुलगा होता, दत्तात्रेय. वडिलांचं शिक्षण त्याला पुरतं मिळालंच नाही. विनायकराव आणि नारायणराव यांनी गुरूच्या मुलाला शिकवलं, जसं छत्र्यांनी आपल्या गुरूच्या मुलाला सांभाळलं होतं. चौदाव्या वर्षी तो पंजाबात हरवल्लभ संगीत संमेलनात गायला आणि पुढे डी. व्ही. पलुस्कर म्हणून देशभर गाजला. १९५२ च्या 'बैजू बावरा' या हिंदी सिनेमात अमीर खाँसाहेबांबरोबर त्यांची जुगलबंदी आहे. सिनेमासाठी गायलेलं वडिलांना आवडलं असतं का, देव जाणे. १९५५ मध्ये वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी ते गेले. ज्यांनी त्यांना पाहिलं ते त्यांच्या गोड गळ्याइतकंच त्यांच्या शांत, निगर्वी स्वभावाबद्दल बोलायचे.

वर्गासाठी उपक्रम

शिक्षक मित्रांनो, दोन ध्वनिमुद्रणं यूट्यूबवर सहज मिळतात. एक डी. व्ही. पलुस्करांच्या भजनाचं आणि दुसरं रहिमत खाँचं, शंभर वर्षांपूर्वीच्या तबकडीवरचं, जरा खरखर आहे. आधी कुणाचं नाव, कुणाचं आयुष्य काहीच न सांगता दोन्ही तीन-तीन मिनिटं ऐकवा. कोणतं आवडलं ते मुलांना वहीत लिहू द्या. मग दोघांची माहिती सांगा, आणि ज्यांना आपलं उत्तर बदलायचं असेल त्यांना ते बदलू द्या. मात्र का बदललं किंवा का नाही बदललं, हे पाच ओळींत लिहायला सांगा. स्मार्ट टीव्ही नसेल तर मोबाईल स्टीलच्या रिकाम्या डब्यात उभा ठेवा, चाळीस मुलांना व्यवस्थित ऐकू जातं.